मूठभर दाणे आणि बरणीतलं पीनट बटर

प्रश्न : डॉक्टरताई, माझे यजमान ५९ वर्षांचे आहेत. मागच्या चतुर्थीनंतर त्यांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी करावी लागली. त्यांना आयुष्यभर एकच चाळा. संध्याकाळी बाजारातून येताना चणेकाराकडून कागदाच्या पुडीत शेंगदाणे आणायचे आणि सोप्यावर बसून खायचे. इस्पितळातून घरी आल्यापासून मी ते बंद केले, कारण दाण्यात तेल. आता मुलगा म्हणतो, उलट दाणे खाणाऱ्यांना मरणाचा धोका कमी असतो, परदेशात अभ्यास झालाय. त्याने पीनट बटरची मोठी बरणी आणलीय आणि रोज सकाळी बाबांना पावाला दोन चमचे लावून देतो. सासूबाई म्हणतात, दाण्यांनी पित्त होतं. मी कुणाचं ऐकू?
— एक वाचक, साखळी

उत्तर : ताई, यजमानांची पुडी त्यांना परत द्या. दाणे खारे नकोत, बिनमिठाचे भाजलेले, आणि रोज अर्धी मूठ. मुलाचं दाण्यांबद्दलचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. बरणीबद्दलचं नाही. ते का, ते जरा सविस्तर सांगते, कारण तुम्ही केलीत तीच चूक मी माझ्या बाबांच्या बाबतीत केली होती.

१९८७ साली बाबांना हृदयविकाराचा पहिला झटका आला तेव्हा मी नुकतीच डॉक्टर झाले होते. त्या काळी आम्हाला शिकवलेलं साधं होतं : हृदयाच्या रोग्याने स्निग्ध पदार्थ सोडायचे. तेल, तूप, खोबरं, दाणे, काजू, सगळं एकाच ओळीत. मी घरी येऊन फर्मान काढलं. बाबांनी एका शब्दाने वाद घातला नाही, लेक डॉक्टर झाल्याचं त्यांना फार कौतुक होतं. चार वाजताच्या चहाबरोबर ते मूठभर भाजके दाणे खायचे, ते थांबले. त्यांच्या जागी काय आलं? ग्लुकोजची बिस्किटं, चार, कधी सहा. मैदा, साखर आणि त्या काळचं वनस्पती तूप. सहा वर्षांनी बाबा गेले. ते बिस्किटांमुळे गेले असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला काही आधार नाही. पण त्यांच्या ताटातली एक चांगली गोष्ट मी विनाकारण काढून घेतली आणि तिथे वाईट गोष्ट ठेवली, हे मला आजही टोचतं. म्हणून तुमचं पत्र आल्यावर आधी तेच वाचायला घेतलं.

आता मुलाने ऐकलेला अभ्यास. तो बहुधा नेदरलँड्सचा असावा, कारण दाणे आणि पीनट बटर या दोघांचा वेगवेगळा हिशेब त्यात मांडला आहे. १९८६ मध्ये तिथल्या ५५ ते ६९ वर्षांच्या १,२०,८५२ स्त्री-पुरुषांकडून ते काय खातात याची माहिती भरून घेतली आणि पुढची दहा वर्षं कोण कशाने मरण पावलं याची नोंद ठेवली. मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. शेंगदाणे, बदाम, अक्रोड, काजू असं काही रोज दहा ग्रॅमच्या वर खाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचं प्रमाण अजिबात न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं. हृदयविकार, कर्करोग, श्वसनाचे आजार, मधुमेह, सगळीकडे थोडाफार फरक दिसला. शेंगदाणे आणि झाडावरचे महागडे दाणे यांत मोठा फरक नव्हता. आणि रोज १५ ग्रॅमच्या पुढे कितीही खाल्लं तरी जास्तीचा फायदा दिसला नाही.

पीनट बटर खाणाऱ्यांमध्ये मात्र असा काहीच फायदा आढळला नाही. हे तुमच्या मुलाला वाचून दाखवा.

दाणा तोच असताना असं का व्हावं? संशोधकांनी बोट दाखवलं ते बरणीत दाण्यांबरोबर जाणाऱ्या गोष्टींकडे : मीठ आणि वरून घातलेलं वनस्पती तेल. पीनट बटरवर तेल तरंगू नये म्हणून त्यात घट्ट केलेलं, म्हणजे हायड्रोजनेटेड तेल घालायची पद्धत जुनी आहे, आणि त्या काळच्या तशा तेलात ट्रान्स फॅट असे. तीच चरबी हृदयाला सगळ्यात घातक. आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर असू नये असा नियम आहे, त्यामुळे आजची बरणी १९८६ च्या बरणीपेक्षा बरी असणार. तरी साखर आणि मीठ राहतंच. डच लोक याला ‘पिंडाकास’ म्हणतात, म्हणजे दाण्यांचं चीज, आणि ते खातात पावावर. तुमच्या घरीही पावावरच चाललंय. पोदेराचा मैद्याचा पाव, त्यावर साखर घातलेलं पीनट बटर, ही सकाळ मला मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाची वाटते. निदान पोय, म्हणजे कोंड्याचा पाव, आणा.

बरणी फेकायला सांगत नाही. उलटी फिरवून घटकांची यादी वाचा. शेंगदाणे, फार तर चिमूटभर मीठ, एवढंच लिहिलेलं असेल तर ते दळलेले दाणेच आहेत, खुशाल खा. वर तेलाचा थर आलेला असेल तर ते चांगलंच, ढवळून घ्यायचं. यादीत साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल, चॉकलेट असेल, तर ते मिठाईच्या डब्यात ठेवा आणि मिठाईसारखंच कधीतरी खा. आणि दोन मोठे चमचे म्हणजे साधारण ३२ ग्रॅम, त्यात १९० कॅलरी. दाणे चावून खाताना तोंड दमतं, चमचा चाटताना दमत नाही, हा फरक मी रोज दवाखान्यात वजनकाट्यावर बघते. घरी करायचं तर फार सोपं आहे : दोन वाट्या दाणे मंद आचेवर भाजा, सालं पाखडून काढा, मिक्सरमधून थांबत थांबत फिरवा. आधी कूट होतं, मग गोळा होतो, मग स्वतःचंच तेल सुटून सैल होतं. वरून तेल घालावं लागत नाही.

‘२३ टक्के कमी’ हा आकडा ऐकून माणसं हुरळतात, म्हणून त्याचाही अर्थ सांगते. समजा एका वयाच्या शंभर माणसांपैकी दहा वर्षांत दहा जण जातात. धोका पाचव्या हिश्श्याने कमी झाला तर दहाच्या जागी आठ जातील. दोन माणसं वाचली, आणि त्यातला एक आपला असेल तर ते सगळंच आहे. पण दाणे खाणाऱ्याला मरण चुकत नाही. दुसरं, हे सगळं निरीक्षण आहे. अमेरिकेत नर्सेस आणि पुरुष आरोग्य व्यावसायिक मिळून १,१८,९६२ लोकांचा असाच अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. रोज दाणे खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांनी कमी. पण त्याच लेखात लिहिलंय की दाणे खाणारी माणसं शिडशिडीत होती, विडी-सिगारेट कमी ओढत, व्यायाम जास्त करत, फळं-भाज्या जास्त खात. गणिताने हे सगळं वजा करायचा प्रयत्न करतात, पूर्ण वजा कधी होत नाही. त्या अभ्यासाला काही पैसा दाणे-उत्पादकांच्या संस्थेकडूनही आला होता. तो त्यांनी लपवला नाही, पण वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा.

मग मी तरी एवढ्या खात्रीने का सांगते? दोन कारणं आहेत. एक म्हणजे २०१५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गरीब वस्तीतल्या आणि चीनमध्ये शांघायच्या, मिळून दोन लाखांवर लोकांचा अभ्यास आला. ही माणसं बदाम-पिस्ते खाणारी नव्हती, मुख्यतः साधे शेंगदाणे खाणारी होती. तिथेही धोका १७ ते २१ टक्के कमी दिसला. म्हणजे हा केवळ सुखवस्तू माणसांच्या चांगल्या सवयींचा परिणाम नसावा. दुसरं, स्पेनमध्ये ७,४४७ लोकांच्या चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि एका गटाला भूमध्यसागरी पद्धतीच्या आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट खायला दिले. त्या गटात हृदयविकार आणि पक्षाघात मिळून पाव हिश्श्याहून थोडे जास्तच कमी झाले. या अभ्यासात गट पाडताना काही ठिकाणी चूक झाली होती, म्हणून तो मागे घेऊन २०१८ मध्ये हिशेब नव्याने मांडला, तरी निष्कर्ष जवळपास तोच राहिला. एकूण मृत्यूंमध्ये मात्र ठळक फरक तिथे दिसला नाही, तेही सांगायला हवं.

दाण्यांतलं तेल बहुतांशी असंपृक्त असतं, ते वाईट कोलेस्टेरॉल खाली आणतं. सोबत तंतू, मॅग्नेशियम, ई जीवनसत्त्व. पण माझ्या मते निम्मं काम त्यांनी रिकामी केलेली जागा करते. संध्याकाळी पाच वाजता पुडी उघडली की भजी, शेव, बिस्किटं यांची वेळ टळते. हे सगळं खाऊन वर दाणे खाल्ले तर फक्त वजन वाढेल.

अर्धी मूठ म्हणजे किती, हे मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं. माझी पूर्ण मूठ २८ ग्रॅम भरली. अर्धी धरा १५ ग्रॅम, साधारण पंचवीस सोललेले दाणे. चणेकाराची पुडी याहून मोठी असते आणि त्याचे दाणे खारे असतात. यजमानांना रक्तदाब असेल तर ते मीठ मोजावंच लागेल, दिवसभराचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत. ओळखीचा चणेकार असेल तर त्याला बिनमिठाचे बाजूला काढून ठेवायला सांगा. माझा ठेवतो. पुडी आणण्यासाठी त्यांचं बाजारापर्यंत चालत जाणं बंद करू नका.

सासूबाईंचंही ऐका. ज्याला आंबट ढेकर येतात त्याला रिकाम्या पोटी तळलेले दाणे सोसत नाहीत, हे खरं आहे. भाजलेले, जेवल्यानंतर तासा-दोन तासांनी, नीट चावून खाल्ले की बहुतेकांना काही होत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर मात्र आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि दाणे सुरू केले म्हणून कोलेस्टेरॉलची किंवा रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवू द्यायची नाही. स्टेंट घातलेल्या माणसाने ती गोळी मनाने सोडली तर काय होतं ते मी पाहिलंय.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण आपल्या गोव्यात ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी येते. जून ते सप्टेंबर आपल्या घरात मीठसुद्धा पाझरतं, मग उघड्या पोत्यातल्या दाण्यांची काय कथा. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी त्यांच्यावर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले, तपास करता ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड निघाली, तेव्हा हे विष जगाला कळलं. यकृताच्या कर्करोगाचं ते पक्कं कारण आहे, आणि ज्याला बी प्रकारची कावीळ आहे त्याला तर धोका अनेक पटींनी वाढतो. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. माझी आई सुपात दाणे घेऊन दारात बसायची आणि सुरकुतलेला, काळपट, हिरवट दाणा वेचून बाहेर टाकायची. खाताना कडू लागला तर थुंकायला लावायची. तिला अफ्लाटॉक्सिन हा शब्द माहीत नव्हता, पण ती जे करत होती तेच मी आज रोग्यांना सांगते. पावसात एका वेळी पाव किलोच आणा, उन्हात किंवा तव्यावर कोरडे करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, जमलं तर फ्रिजमध्ये. आणि वेचलेले खराब दाणे गाईला घालू नका, तेच विष रूप बदलून दुधात उतरतं.


प्रश्न : आमचं सत्तरी तालुक्यात काजूचं भाट, म्हणजे बाग, आहे. घरात वर्षभर काजू असतात, पण मला मधुमेह आणि थोडं कोलेस्टेरॉल आहे, म्हणून सगळे मला काजूला हात लावू देत नाहीत. ‘काजू म्हणजे कोलेस्टेरॉल’ हे खरं का?
— एक वाचक, वाळपईजवळून

उत्तर : खोटं. कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं. काजूत ते शून्य असतं, शेंगदाण्यात शून्य, खोबऱ्यातसुद्धा शून्य. काजूत चरबी आहे, शंभर ग्रॅममध्ये चव्वेचाळीसच्या आसपास, पण तिच्यातला निम्म्याहून मोठा भाग ऑलिव्ह तेलातल्या जातीचा आहे. स्वतःच्या भाटात झाडं असताना घरच्या बाईने काजूकडे नुसतं बघत राहावं, हे मला फार वाईट वाटतं.

तुमच्यासारख्याच लोकांवर आपल्याच देशात प्रयोग झालाय. चेन्नईत मधुमेहाच्या ३०० रोग्यांपैकी एका गटाला बारा आठवडे रोज ३० ग्रॅम काजू दिले. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं, वरचा रक्तदाब थोडा उतरला, वजन वाढलं नाही, साखर बिघडली नाही. बारा आठवड्यांच्या प्रयोगावरून आयुष्य वाढेल असं कुणी सांगू शकत नाही, पण काजूने मधुमेह्याचं नुकसान होतं ही भीती तरी सोडायला हरकत नाही.

रोज आठ-दहा काजूगर खा. तळलेले, मीठ-मसाला लावलेले नकोत, काजूकतली तर नकोच. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांचं तोणाक करता तेव्हा त्यात खोबऱ्याचं वाटण असतंच, त्या दिवशी भात निम्मा घ्या आणि पोटभर समाधानाने जेवा. ज्यांना मुतखडा वारंवार होतो त्यांनी मात्र काजू बेताने खावेत, त्यात ऑक्झलेट बरंच असतं.


प्रश्न : माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी जीवघेणी असते असं वाचलं. तीन वर्षांपर्यंत दाणे देऊच नयेत का?
— एक आई, फोंडा

उत्तर : ‘तीन वर्षं थांबा’ हा सल्ला पूर्वी पाश्चात्य देशांत दिला जायचा. तो चुकीचा ठरला. लंडनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की इंग्लंडमधल्या ज्यू मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा दहापट आहे. इस्रायलची बाळं लहानपणापासूनच दाण्यांचा खाऊ खातात. मग त्यांनी ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली, सगळी ॲलर्जीचा धोका जास्त असलेली. निम्म्यांना दाणे नियमित दिले, निम्म्यांना अजिबात नाही. पाच वर्षांची झाल्यावर न खाणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांना. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभरचे सल्ले बदलले.

तुमच्या मुलीला अंगावर जोराचा इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तसं काही नसेल तर आता सुरू करा. पहिल्या पत्रात मी ज्याच्याबद्दल जपून बोलले ते पीनट बटर इथे उपयोगी आहे, साखर-मीठ नसलेलं. पाव चमचा घेऊन नाचण्याच्या तिजणीत किंवा पातळ पेजेत पूर्ण मिसळून द्या. घट्ट गोळा देऊ नका, तो टाळूला चिकटतो. पहिल्यांदा दिवसा द्या, बाळ ठणठणीत असताना, आणि दोन तास जवळ बसा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या किंवा श्वास घरघरला तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

आणि अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको. हे मी प्रत्येक आईला हात धरून सांगते. काही वर्षांपूर्वी तुळशीच्या लग्नाच्या रात्री शेजारच्या वाड्यावरून तीन वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणलं. चुरमुरे-दाणे खाता खाता हसला, ठसका लागला, मग निवळला. घरच्यांना वाटलं संपलं. छातीला कान लावला तर उजवीकडे हवा जात नव्हती. एक्स-रेत शेंगदाणा दिसत नाही, म्हणून ठसक्याची हकीगत हाच खरा पुरावा असतो. ती आजीने नीट सांगितली आणि मुलगा त्याच रात्री बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पोचला. दुर्बिणीतून अर्धा दाणा काढला. मुलाला ठसका लागून नंतर तो बरा दिसू लागला, पण खोकला किंवा घरघर राहिली, तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका, आणि दाणा खाल्ला होता हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.